दातांचा शब्द

“कुंदा तारळेकर, उभी राहा.”

मी उभी राहिले. वर्ग आधीच खिदळत होता. पाटणकर सर त्या दिवशी चांगले अर्धा तास उशिरा आले होते. सांगलीची एस.टी. वाटेत बंद पडली होती. “माफ करा, आज जरा उशीर झाला,” असं ते म्हणाले, आणि मी पहिल्या बाकावरून, आपल्याशीच बोलावं तसं पण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, “उशीर कसला सर, तास संपायला अजून वीस मिनिटं आहेत की.”

आमच्या घरात आठ यंत्रमाग होते. त्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आणि जिभेला हाड नाही हे तर माझी आई मी चार वर्षांची असल्यापासून सांगत होती.

“तू आत्ता जे बोललीस,” सर म्हणाले, “त्याला इंग्रजीत एक शब्द आहे.” आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला. सार्कॅझम.

“मराठीत काय म्हणाल?”

कुणी टोमणा म्हणालं, कुणी खोचक बोलणं, कुणी उपरोध. मागून एक मुलगा म्हणाला, “तारळेकर!” आणि वर्ग पुन्हा फुटला. मला त्याचा राग आला नाही. उलट गुदगुल्या झाल्या.

सर हसले नाहीत. “गंमत बघा,” ते म्हणाले. “मराठीत टोमणा मारतात, चिमटा काढतात, कोपरखळी देतात. सगळी हाताची कामं. हा शब्द दातांचा आहे. ग्रीक भाषेत मांसाला जो शब्द आहे, त्यावरून आलेला. मूळ अर्थ, मांस तोडणं. कुत्री तोडतात तसं. मग रागानं ओठ चावणं. आणि मग, फार नंतर, असं बोलणं.”

“मराठीतही चावरं बोलणं म्हणतात की सर,” मी उभ्याउभ्याच म्हणाले.

“म्हणतात. पण आपलं चावरं कुत्रं चावतं नि सोडून देतं. हे मांस घेऊन जातं.”

“मग हसणं कुठं आलं ह्यात? लोक हसतात म्हणून तर माणूस असं बोलतो.”

सरांनी खडू ठेवला. “मुळात हसणं नाहीच. मुळात दोघंच आहेत. तोडणारा आणि ज्याचं तुटलं तो. हसणारे नंतर जमले.” मग मला म्हणाले, “बस. बोललीस ते छान होतं. पण जपून.”

मी बसले. शेजारी जयमाला निकम होती. तिनं बाकाखालून माझा हात दाबला आणि कुजबुजली, “छान म्हणाले गं सर.” जपून हा शब्द तिला ऐकू आला नव्हता, असं नाही. ती मला आवडेल तेवढंच बोलायची. तिचा स्वभावच तसा होता.

ह्याला चाळीस वर्षं होऊन गेली. मी पुढं बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. जयमालाविषयी मात्र कुणाशी बोलले नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही.

आमच्या भागात तेव्हा घराआड एक माणूस गलाईला गेलेला असे. सोन्याचांदीची मोड आटवून ती शुद्ध करायची, हा तो धंदा. माणसं त्यासाठी पार मद्रासपासून कलकत्त्यापर्यंत जात, तिथंच दुकान टाकत, नि वर्षातून एकदा गावच्या जत्रेला येत. जयमालाचे वडील सेलमला होते. चार जत्रा झाल्या, ते आले नव्हते. घरखर्चाचं तिचे काका बघायचे. वडिलांनी सेलमला दुसरं बिऱ्हाड थाटलंय हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गल्ली ते निकमांच्या दारात बोलत नसे एवढंच.

आणि तरीही जयमालाच्या आईला, अनसाकाकींना, दर महिन्याला सेलमचं पत्र येत होतं.

ते मला कळलं ते असं. बारावीत असताना मी तिच्याबरोबर टपालात गेले, तर तिनं एकदम सहा आंतरदेशीय पत्रं घेतली. “एवढी कुणाला गं?” मी विचारलं. टपालाच्या मागं एक औदुंबर होता, तिथं ती मला घेऊन गेली आणि म्हणाली, “आण घे.” मी घेतली.

“बाबांची पत्रं मीच लिवते. आईला वाचता येत न्हाई. कॉलेजात पोस्टमन देतो म्हणून सांगते नि तिला वाचून दावते.”

“आणि तिला खरं वाटतं?”

“का वाटू नये? महिनाभर तेच तेच परत वाचाय लावती. कुंदा, पत्र आलं की त्या दिवशी ती भाकरी चार घास जास्ती खाती गं.”

मी तेव्हा तिला मिठी मारली होती. ती मिठी खरी होती. पुढं जे केलं तेही मीच केलं, पण ती मिठी खोटी नव्हती, एवढं मला म्हणू द्या.

एस.वाय.च्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी लेख मागवले. मी गावातल्या नगरपालिकेवर एक लेख लिहिला. नळाला पाणी येण्याच्या सोहळ्यावर होता. अख्खा वर्ग तो वाचून लोळला. जयमालानं लिहिला ‘बाबांची पत्रं’. सेलमहून वडील काय काय लिहितात, भट्टीची धग कशी असते, तिथली माणसं भात कशी खातात, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी आईची चौकशी कशी करतात. सरांनी तो लेख वर्गात वाचून दाखवला. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि अंकाच्या पहिल्या पानावर तोच घेतला. गॅदरिंगला त्याला बक्षीसही ठरलं.

मी सरांना जाऊन विचारलं, “माझ्या लेखात काय कमी होतं?”

“काही नाही. तुझ्या लेखात दात आहेत, कुंदा. तिच्या लेखात माणूस आहे.”

आणि तो माणूस सगळाच्या सगळा खोटा आहे, हे मला एकटीला ठाऊक होतं! मला ते सहन होईना. रात्रंदिवस एकच डोक्यात. मी खरं लिहिलं ते मागच्या पानावर आणि हिनं थापा मारल्या त्या पुढं. तिनं बक्षिसाची बातमी मला सांगितली तेव्हा मी म्हणाले, “वडिलांना कळव हं पत्रानं.” ती हसली. तिला वाटलं, मी आमच्यातलं गुपित जपते आहे.

गॅदरिंगला फिशपाँड असायचे. कार्यालयाबाहेर एक पत्र्याचा डबा ठेवायचा, मुलांनी कुणावरही एखादी चारोळी, एखादी कोटी लिहून निनावी टाकायची. मग स्टेजवरून ज्याच्या त्याच्या नावानं वाचायची. ज्याचं नाव येईल त्यानं वर यायचं, काहीतरी गमतीची भेट घ्यायची आणि हसत खाली जायचं. रडायचं नाही, चिडायचं नाही, हा नियम. डब्यात यायचं ते बहुतेक टाकाऊ असायचं. म्हणून कमिटीतलं कुणीतरी बसून चांगल्या चिठ्ठ्या लिहायचं. त्या वर्षी ते कुणीतरी म्हणजे मी. वाचणारीही मीच, कारण माईक बंद पडला तरी माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायचा.

मी एका दुपारी तीस चिठ्ठ्या लिहिल्या. एकतिसावी लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाप राहतो दूर मुलखी, पत्र येते महिन्याला;
तिकीट कुठले, शाई कुठली? विचारा तिच्या बोटाला!

सगळ्या चिठ्ठ्या पाटणकर सर तपासायचे. कुणाच्या जातीवर, व्यंगावर काही नको, म्हणून. ही चिठ्ठी वाचून ते हसले. जयमालाच्या बोटांना कायम शाई लागलेली असायची. त्यांना वाटलं, तिच्या लिहिण्याच्या नादाची ही थट्टा. त्यांनी कोपऱ्यात सही केली आणि गठ्ठ्यात ठेवली. माझ्या मनात आलं, सांगावं, ही काढून टाका. पण मी गठ्ठा उचलला नि निघाले.

गॅदरिंगच्या दिवशी कॉलेजच्या पटांगणात मांडव घातला होता. दुपारी बक्षिसं झाली. जयमाला निळं पातळ नेसून आली होती. बक्षीस घेऊन खाली उतरली आणि तिसऱ्या रांगेत बायकांच्यात जाऊन बसली. तेव्हा माझं लक्ष गेलं. अनसाकाकी आल्या होत्या. घरातून जत्रा नि लग्नकार्य सोडून कधी बाहेर न पडणारी बाई, लेकीचा सत्कार बघायला डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती. शेजारी गल्लीतल्या चार बाया होत्या, त्याच त्यांना घेऊन आल्या होत्या.

मी माईकपाशी उभी होते. गठ्ठा हातात होता. चिठ्ठ्या एकापुढं एक येत होत्या, मांडव हसून हसून आडवा होत होता. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टोपीवरची वाचली तेव्हा खुद्द तेच डोळे पुसत होते. आणि मग ती चिठ्ठी वर आली.

खालची चिठ्ठी वर घेता आली असती. एका बोटाचं काम. कुणाला कळलंही नसतं. मी अनसाकाकींकडं बघितलं, जयमालाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघून हसत होती, माझं कौतुक करत होती. आणि मांडव वाट बघत होता.

“जयमाला निकम!” मी म्हणाले, आणि वाचली.

आधी पोरं हसली, यमकाला हसतात तशी. मग बायकांच्या रांगेतून एक वेगळंच हसणं आलं. दबलेलं, पदरातलं. गल्लीतल्या बायांना अर्थ लागला होता. तो एकीकडून दुसरीकडं सरकत गेला, मागच्या रांगेत पोचला, आणि तिथून मोठा होऊन परत आला.

अनसाकाकीही हसत होत्या. सगळे हसतात म्हणून हसत होत्या. लेकीचं नाव घेतलं म्हणून हसत होत्या. मग त्यांनी शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं तोंड फिरवलं. त्यांनी दुसरीकडं बघितलं. त्यांचं हसू ओठांवरून गेलं नाही, तिथंच राहिलं, पण आता त्यांना ते कुठं ठेवावं कळेना.

जयमाला उठली. नियम होता ना. स्टेजवर आली, मी ठेवलेली भेट घेतली. रंगीत कागदात गुंडाळलेली शाईची बाटली होती ती. माझ्याकडं न बघता माईकमध्ये म्हणाली, “थँक्यू.” पायऱ्या उतरली, आईचा हात धरला, आणि दोघी मांडवाबाहेर गेल्या. माझ्या हातात अजून नऊ चिठ्ठ्या होत्या. त्या मी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. “त्या चिठ्ठीत काय होतं, कुंदा?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. औदुंबर, आण, सगळं.

“त्यावर सही माझी आहे,” सर एवढंच म्हणाले. त्यांनी मला शिक्षा केली असती, चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला वर्गात जायला सांगितलं.

जयमाला कॉलेजात आली नाही. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आठवड्यानं अनसाकाकीच आमच्याकडं आल्या. माझे बाबा सुताच्या गाठी उतरवून घ्यायला गेले होते, मी मागाच्या शेडमध्ये कांड्यांवर सूत भरत बसले होते. त्या दारात उभ्या राहिल्या. काहीतरी बोलल्या, पण आठ मागांच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी उठायला लागले तर त्यांनी हातानं बस म्हटलं, आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसल्या. तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं नेहमीसारखी वीज गेली. माग एकेक करून थांबले.

“माझ्यासंगं भांडाय आलीया असं वाटतंय व्हय तुला?” त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “काकी, माझं चुकलं. मला माफ करा.”

“रडू नगंस. ऐक. मला पयल्या कागदापासनं ठावं हाय.”

“काय?”

“ती कागदं कोण लिवतंय त्ये. अगं, पंधरा वर्सं नांदले मी त्या माणसासंगं. जल्मात कधी त्यानं इचारलं न्हाई, तुला बरं हाय का म्हणून. आन कागदातला इचारायचा, पाठ दुखती का, थंडीचं काय पांघरतीस. कागदातला नवरा लई ग्वाड बोलायचा बघ.” त्या हसल्या. “म्या म्हणायची, वाच गं परत. ती वाचायची तवा तिचं त्वांड असं उजळायचं. म्या नवऱ्यासाठनं न्हाई ऐकत हुते, पोरीसाठनं ऐकत हुते.”

“मग तसं सांगा की तिला! तुम्हाला सगळं ठाऊक होतं म्हणून सांगा.”

“सांगू?” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला माझ्या शिकण्याची लाज वाटली. “सांगितलं तर तिच्या दोन वर्सांचं काय ऱ्हायलं? आपुन आईला सुख दिलं असं वाटतंय तिला. त्येबी काढून घेऊ? आता ती जेवत न्हाई, बोलत न्हाई. आईला फसवलं म्हणती, गावात हसं केलं म्हणती. तिचा चुलता आता स्थळं बघाया लागलाय. न्हाई म्हणत न्हाई ती. कशालाच न्हाई म्हणत न्हाई.”

मी हातातली कांडी टोपलीत ठेवली.

“तुझ्या हातात कला हाय,” त्या म्हणाल्या. “सगळं गाव हसवतीस. एक कागद लिव. तिच्या बापाचा, तिच्या नावानं. पर शिक्का सेलमचा पायजे. खरा. एकदा तिला वाटू दे, बापाला आठवण झाली.”

ज्या हातानं हे केलं त्याच हाताकडं ती बाई मागायला आली होती. गावात लिहिता येणारी दुसरी माणसं होती. ती माझ्याकडं का आली, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, ती मला माफ करायला आली होती, आणि तिला त्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती.

ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले. तीस चिठ्ठ्या एका दुपारी लिहिणारी मी, ‘चि. जयमाला हिस अनेक आशीर्वाद’ ह्याच्या पुढं सरकेना. बाप कसा बोलतो? माझे बाबा मागांवर ओरडून ओरडून बोलतात. मी जयमालाचाच लेख पुढं ठेवला आणि त्यातला बाप घेतला. भट्टी, धग, भात. अंक इकडं कुणीतरी पाठवला, त्यात तुझा लेख वाचला, डोळे भरून आले, असं लिहिलं. जत्रेला यायला जमत नाही, पण शिकणं सोडू नकोस, असं लिहिलं. सगळं मिळमिळीत वाटायला लागलं, म्हणून मध्ये एक वाक्य घातलं. ‘तुझ्या काकांना नमस्कार सांग. आपल्या परड्यातल्या आंब्यांची ते फार काळजी घेतात, एकही पिकू देत नाहीत असे ऐकतो.’ ते लिहिल्यावर पत्राला जरा जीव आला असं मला वाटलं. अक्षर मी उलट्या बाजूला कलतं काढलं. गलाईतली पुष्कळ माणसं दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत, तेव्हा अक्षराची अडचण नव्हती.

आमच्याकडं सूत सेलमकडूनच यायचं. ट्रकवाला ओळखीचा होता. त्याला मी पत्र दिलं आणि तिथल्या पेटीत टाकायला सांगितलं.

सतराव्या दिवशी शेजारच्या मुलीकडून अनसाकाकींचा निरोप आला, ये म्हणून. मी जयमालाच्या राहिलेल्या वह्या काखेत मारून गेले. मला बघून जयमाला चुलीपुढून उठली नाही. वाळली होती. “वह्या आणल्यात,” मी म्हणाले. “ठेव तिथं,” ती म्हणाली. तेवढ्यात अनसाकाकी देवळीतून पत्र काढून म्हणाल्या, “पोस्टमन देऊन गेलाय सकाळी. बघ बाई कुणाचं हाय.”

जयमालानं हात पुसले. पत्र घेतलं आणि आधी शिक्का बघितला. उजेडात नेऊन पुन्हा बघितला. “सेलम!” ती म्हणाली. “आई, सेलमचा हाय गं शिक्का!” तो चेहरा मला आजही दिसतो. एवढा आनंद मी कुणाला दिलेला नाही, आणि तोही चोरीचा होता.

“वाच की मोठ्यानं,” काकी म्हणाल्या.

ती उभ्यानंच वाचायला लागली. चि. जयमाला हिस अनेक आशीर्वाद. भट्टीची धग. लेख वाचला. ‘डोळे भरून आले’ हे तिनं दोनदा वाचलं. काकींनी पदर तोंडाला लावला. जयमाला पुढं वाचत होती, आणि मी मोजत होते, आता ते वाक्य येईल.

“तुझ्या काकांना नमस्कार सांग,” तिनं वाचलं.

आणि थांबली. डोळे कागदावर पुढं गेले, मागं आले. मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादं माणूस मेल्याचं कळल्यावर, सांगणाऱ्याकडं बघतात तसं. ते दात तिनं ओळखले होते. ते गावात फक्त एकाच माणसाला होते.

“थांबलीस का गं?” काकींनी विचारलं.

“अक्षर लागंना,” जयमाला म्हणाली. तिनं आंबे सोडले, आणि त्याच संथ आवाजात पुढं वाचलं. शिकणं सोडू नकोस. जत्रेला जमत नाही. पत्र संपलं, तरी तिचं वाचणं थांबलं नाही. “तुझ्या आईची पाठ दुखत असेल,” ती कोऱ्या जागेवर नजर ठेवून म्हणाली, “तिला म्हणावं, थंडीचं अंगावर जाड काहीतरी घेत जा. आमची काळजी करू नको.” मग पत्राची घडी घातली आणि आईच्या हातात दिली.

काकी पत्र छातीशी धरून बसल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांना वाटत होतं, काम झालं.

मी निघाले. जयमाला दारापर्यंत आली. ओसरीवर कुणी नव्हतं. वैशाखात तिचं लग्न झालं, ती खाली कर्नाटकात गेली, पुढं आम्ही कधी भेटलो नाही. त्या दारातलं बोलणं तेच शेवटचं.

“अक्षर चांगलं बदललंस,” ती हळू म्हणाली.

“जयमाला, मी…”

“ऱ्हाऊ दे.” तिनं दाराची चौकट धरली. “एकच सांग. शिक्का खरा हाय. म्हंजी कुणीतरी तिथं गेलं हुतं. तुमच्या सुताचा ट्रकवाला न्हवं? त्याला बाबा भेटले का? दुकान बाजारातच हाय त्यांचं. कुणीबी दाखवतं.”

ट्रकवाला हमरस्त्यावरच्या पेटीत पत्र टाकून पुढं गेला होता. त्याला मी दुकानाबद्दल सांगितलंच नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. तिचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं, आणि ती श्वास धरून उभी होती. हो, भेटले, एवढंच म्हणायचं होतं. पण मला वाटलं, आता हिच्याशी पुन्हा खोटं वागायचं नाही. ह्यापुढं निदान खरं बोलायचं.

“नाही,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि आत गेली.

मी पायरीवर चपला शोधत होते. आतून अनसाकाकींचा आवाज आला, “काय म्हणत हुती गं कुंदा?”

“त्यांच्या ट्रकवाल्याला सेलमला बाबा भेटलं म्हणं.”

“व्हय? वाळल्यात का?”

“न्हाई गं आई. चांगलं हायती. तुझं नाव काढत हुतं.”